भावे-सुकथनकरांचे चित्रपट आम्हाला विकत तरी द्या

प्रति,
मराठी चित्रपटांचे हक्क ज्यांच्या हाती आहेत ते सर्व निर्माते, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि ओटीटी कंपन्या यांस

विषय : दिग्दर्शक सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे चित्रपट कायदेशीरपणे पाहायला आणि दाखवायला मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका कंपनीच्या यादीतून या जोडीचा एक चित्रपट अलीकडे निघून गेला. आधी सूचना नाही, नंतर खुलासा नाही. ग्राहकसेवेला लिहिलं तर 'उपलब्धता वेळोवेळी बदलू शकते' एवढं एका ओळीचं उत्तर आलं, आणि खाली 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून चित्रपटांची रांग. त्यातले निम्मे मारधाडीचे होते. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण दुखणं तिच्या एकटीचं नाही. आज एकीने काढला, उद्या दुसरी काढेल, आणि जे चित्रपट कुठे आलेच नाहीत त्यांच्याबद्दल विचारायचं कुणाला हेही कळत नाही. खासगीत विचारपूस भरपूर करून झाली. आता चारचौघांत विचारते आहे.

मी समीक्षक नाही, चित्रपटाच्या धंद्याशीही माझा संबंध नाही. माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आमच्या भागात शुभंकरांचा, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांचा, एक स्वमदत गट चालतो. त्यात मी काम करते. गटात नवीन कुटुंब आलं की सुरुवातीला काही बोलत नाही. आई रडते, वडील घड्याळाकडे बघत बसतात, आणि कुणीतरी हळूच विचारतं की लग्न लावून दिलं तर बरा होईल का. डॉक्टरांनी दिलेली माहितीपत्रकं पिशवीत घडी न मोडता पडलेली असतात. अशा वेळी आम्ही 'देवराई' लावतो.

२००४चा चित्रपट. अतुल कुलकर्णींनी केलेला शेष हा कोकणातल्या गावात राहणारा, हुशार, देवराईत जीव गुंतलेला तरुण. डोक्यात चाललेलं हळूहळू त्याच्याच आवाक्याबाहेर जातं आणि त्याची बहीण सीना, म्हणजे सोनाली कुलकर्णी, त्याला शहरात आपल्या घरी आणते. आपल्या पडद्यावरचा 'वेडा' एकतर हसवायला असतो, नाहीतर सुरी घेऊन धावायला. शेष संशय घेतो, घाबरतो, भ्रमालाच खरं मानतो, आणि मधूनच इतकं शहाण्यासारखं बोलतो की घरचे पुन्हा आशेला लागतात. ज्यांनी घरात हे पाहिलंय त्यांना ते अधूनमधून डोकावणारं शहाणपण किती छळतं ते ठाऊक आहे. शेवटी चमत्कार होत नाही. उपचार आहेत आणि बहिणीची ओढाताण आहे. चित्रपट संपला की तेच घड्याळाकडे बघणारे वडील पहिल्यांदा तोंड उघडतात. 'आमचापण अस्संच करतो,' बहुतेकदा हेच वाक्य असतं. त्यानंतर औषधांबद्दल बोलता येतं.

तुमच्या वहीत हा वीस वर्षांपूर्वीचा, जाहिरातदार न मिळणारा चित्रपट असेल. आमच्याकडे तो कामाला येतो, आजही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सरकारला सांगतो की मानसिक आजाराबद्दल लोकांत जाण वाढवा, कलंक कमी करा. त्यासाठी भिंतीवरची पत्रकं निघतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. आणि ज्या चित्रपटाने हे काम आधीच करून ठेवलंय तो दाखवायला परवानगी कुणाची घ्यायची हे सांगणारा माणूस सापडत नाही.

या चित्रपटांचा असा उपयोग होतो यात योगायोग नाही. सुमित्राताई चित्रपटात आल्या त्या समाजकार्याच्या वाटेने. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्या शिकवत होत्या. वस्तीतल्या बायकांच्या आयुष्यावर संशोधन करताना, ज्यांच्याबद्दल अहवाल लिहायचा त्यांनाच तो वाचता येणार नाही, ही अडचण त्यांना बोचली आणि १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हापासून सुनील सुकथनकर त्यांच्यासोबत होते. पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमधून ते दिग्दर्शन शिकले, आणि मग दोघांची नावं पडद्यावर जोडीनेच येत राहिली. कथा-पटकथा मुख्यतः ताईंची, गाणी बहुतेक सुनीलजींची, दिग्दर्शन दोघांचं. ज्याच्याबद्दल चित्रपट आहे त्याच्यापर्यंत तो पोचला पाहिजे, ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची अट होती. तुमच्या कपाटात ती अट मोडते आहे.

आता माझ्या आवडीचं थोडं सांगते, म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय ते तुमच्या खरेदी विभागालाही कळेल. 'दोघी' (१९९५) मी कॉलेजात असताना पाहिला. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच अपघात होतो, घर कोसळतं, तिला मुंबईला पाठवलं जातं आणि ती तिथून जे पैसे पाठवते त्यावर घर चालतं. ते पैसे कुठून येतात हे घराला कळत नाही असं नाही. धाकट्या कृष्णाच्या लग्नाला ती परत येते तेव्हा तिला लपवून ठेवतात. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या दोघी बहिणी, आणि आई उत्तरा बावकर. उत्तराताईंचा त्यातला कठोरपणा मला त्या वयात खलनायकी वाटला होता. आता घर चालवते तर तसा वाटत नाही. 'दहावी फ' (२००२) शिक्षकांनी दरवर्षी जूनमध्ये बघावा. 'फ' तुकडीतली पोरं संतापात शाळेची मोडतोड करतात आणि त्यांचा एक मास्तर, इथेही अतुल कुलकर्णीच, त्यांना हाकलून देण्याऐवजी नुकसान स्वतः कमावून भरून द्यायला लावतो. 'नितळ'मध्ये देविका दफ्तरदार अंगावर कोड असलेली डॉक्टर आहे. लग्नाचं ठरत असताना घरातले सुशिक्षित लोक तिच्याकडे कसे बघतात एवढाच तो चित्रपट आहे, आणि तेवढा पुरतो.

'वास्तुपुरुष' मात्र सगळ्यांत वेगळा. त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, पण पुरस्काराच्या यादीवरून त्याची कल्पना येणार नाही. कूळकायद्यानंतर जमिनी गेल्या, वाडा खचत चालला, पुरुषमाणसं गुप्तधनाच्या नादाने जमीन उकरताहेत, आणि आई मुलाला डॉक्टर करायचं म्हणून हट्टाला पेटली आहे. किती मराठी घरांत ही गोष्ट घडली असेल! माझ्या आजोळी खणलेला एक खड्डा नंतर कित्येक वर्षं खत टाकायला वापरत होते.

त्यांचं सगळंच मला आवडतं असं नाही. 'एक कप च्या' माहितीच्या अधिकारावर आहे, त्यात अवाच्या सवा वीजबिल आलेला कंडक्टर किशोर कदम यांनी सुरेख केलाय; पण मधेमधे चित्रपट वर्गात शिकवायला उभा राहतो. 'वेलकम होम'मध्ये माणसं जरा जास्तच समजूतदारपणे बोलतात. तरीही हे दोन्ही मला दाखवायचेत, आणि लोकांनी माझ्याशी भांडायचंय. चित्रपटच हाताशी नाही तर भांडायचं कशावर?

आणि 'अस्तु'. एकच निवड म्हणालात तर मी हाच निवडेन, 'देवराई'वर माझा एवढा जीव असूनही. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणि शास्त्री, म्हणजे डॉ. मोहन आगाशे, स्मृती हरवत चालले आहेत. गाडीत थांबलेले असताना रस्त्याने जाणारा हत्ती त्यांना दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्या मागे चालू लागतात. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना शोधत शहर पालथं घालते. हे पंडित तोवर माहुताच्या पालावर आहेत, आणि माहुताची बायको चन्नम्मा, जिची भाषा त्यांना येत नाही, जिला यांचं पांडित्य कळण्याचा प्रश्न नाही, ती त्यांना खाऊ घालते, सांभाळते. ते तिला आई म्हणतात. अमृता सुभाषचं ते काम बघताना मी दर वेळी एकच गोष्ट शोधत असते : तिला त्यांची कीव येते का? अजून मला तसा एकही क्षण सापडलेला नाही. दुसरीकडे इरा, जिचं बापावर खरोखर प्रेम आहे, ती चिडलेली, थकलेली, अपराधी. मला घरी इरा व्हायला होतं. चन्नम्मा व्हायला जमत नाही. गटातल्या बायका हे माझ्याआधी बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

या चित्रपटासाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्राताईंना संवादांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कार जाहीर झाले २०१४मध्ये. महाराष्ट्रातल्या थिएटरांत चित्रपट आला २०१६मध्ये, तोही लोकांनी वर्गणी काढून दिली तेव्हा. म्हणजे हे दुर्लक्ष तुमच्या काळात सुरू झालं असं मी म्हणत नाही. तुम्ही ते पुढे चालवता आहात.

तर माझ्या तक्रारी.

सगळ्यांत मोठी तक्रार ही की मालक कोण हे कळत नाही. श्रेयनामावलीत निर्माता म्हणून असलेली संस्था आज त्या पत्त्यावर नाही, तिने हक्क एका वाहिनीला दिलेले, वाहिनीने डिजिटल हक्क आणखी कुणाला. दूरध्वनी केला की 'ते आमच्याकडे फक्त उपग्रह प्रक्षेपणाचे आहेत' असं उत्तर मिळतं. उरलेले कुणाकडे आहेत? 'बघून सांगतो.' आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. २००४चा चित्रपट २०६४ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा असणार. माझ्या भावाच्या हयातीत तो मोकळा होत नाही. चाळीस वर्षं मालकी सांगायची असेल तर निदान नाव-पत्ता तरी सांगा.

दुसरी तक्रार यातूनच आलेली आहे : आम्ही पैसे द्यायला तयार आहोत आणि घेणारा मिळत नाही. घरचं सदस्यत्व घरापुरतं असतं, सभागृहात तीस-चाळीस जणांना दाखवायचं तर वेगळा परवाना लागतो, हे आम्हाला माहीत आहे आणि मान्य आहे. अशा छोट्या, तिकीट नसलेल्या खेळासाठी दर काय, अर्ज कुठे करायचा, हे तुमच्यापैकी कुणाच्याही संकेतस्थळावर मला सापडलं नाही. एका ठिकाणी फार आग्रह केल्यावर जो आकडा सांगितला तो थिएटर भाड्याने घेणाऱ्याचा होता. मग लोक काय करतात ते तुम्हालाही माहीत आहे. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमध्ये असतो, कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह, जाहिरातीसाठी मधेच कापलेला, गाणं अर्ध्यावर तोडलेलं, रंग धुतल्यासारखे. 'देवराई'तलं रान त्या प्रतीत राखाडी दिसतं. प्रामाणिक प्रेक्षकाला चोर करून ठेवायचं आणि वर चोरीविरोधी पाटी लावायची, हे पटत नाही.

उपशीर्षकांबद्दल दोनच ओळी. इंग्रजी असतात कधी, महोत्सवासाठी केलेली. मराठी नसतात. आमच्या गटात कमी ऐकू येणारी वयस्क मंडळी आहेत, आणि 'अस्तु' नेमका त्यांच्याच वयाबद्दल आहे.

चित्रपट ज्यावर साठवलाय त्या वस्तूचं काय, ही काळजी वेगळीच. 'दोघी' रिळांच्या काळातला. ॲसिटेटची फिल्म दमट हवेत ठेवली की कुजते, डबा उघडला की शिरक्यासारखा वास येतो, आकसते, मग ती कुठल्याच यंत्रावर चढत नाही. नंतरचे डिजिटल चित्रपट सुरक्षित असतील असं वाटतं, पण वर्षानुवर्षं न फिरवलेली हार्ड डिस्क एक दिवस चालू होत नाही, एवढं घरगुती फोटो गमावलेल्या कुणालाही विचारा. 'राजा हरिश्चंद्र' आपल्याकडे पुरता उरलेला नाही. 'आलम आरा'ची एकही प्रत नाही. ते गेले तेव्हा लोकांना कल्पना नव्हती म्हणावं. आज राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे, या जोडीने ज्या शहरात काम केलं तिथेच. तुमच्याकडची मूळ प्रत कुठे आहे, कुठल्या स्थितीत आहे, ती शेवटची कधी चालवून पाहिली, हे तुम्ही कधी जाहीर केलंय का?

आणि एक तक्रार जराशी भावनेची आहे, पण लिहिते. १९ एप्रिल २०२१ला सुमित्राताई गेल्या. त्या दिवशी तुमच्यातल्या कितीतरी जणांनी काळ्या चौकटीत त्यांचा फोटो लावून 'मराठी चित्रपटाची अपरिमित हानी' असं लिहिलं होतं. पुढच्याच महिन्यात 'दिठी' ओटीटीवर आला, ते उत्तम झालं, दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा हा चित्रपट ताईंनी एकटीने दिग्दर्शित केलेला आणि त्यांचा शेवटचा. किशोर कदम यांचा मुलगा गमावलेला वारकरी लोहार ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पण त्या चौकटीखाली बाकीचे चित्रपट कुठे बघायला मिळतील ही एक ओळ कुणी लिहिली नाही. 'कासव'ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' यांच्यानंतर हा मान मिळवणारा मराठी चित्रपट. मरायला निघालेल्या एका पोराला एक बाई काही न विचारता घरी आणते आणि त्याच्या वेळेने त्याला बोलू देते, अशी ती गोष्ट. परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत प्रत्येक वाहिनीवर नैराश्यावर चर्चा झडतात. त्या चर्चेच्या जागी एकदा 'कासव' लावून बघा की.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मी ऐकलेलं आहे : प्रेक्षक नाही. थिएटरमध्ये आठवड्याला दुपारचा एक खेळ, ओटीटीवर जाहिरात नाही, शोधल्यावरच सापडेल अशा तळाच्या रांगेत जागा, दिग्दर्शकांपैकी एकाचंच नाव दिलेलं, आणि मग आकडे दाखवून म्हणायचं की लोक बघत नाहीत. लोकांना दिसेल तिथे वर्षभर ठेवा आणि मग आकडे काढा. ते आकडे वाईट आले तर मी मान्य करीन. त्यानंतरही मागण्या मागे घेणार नाही, कारण आमच्या गटातल्या एका कुटुंबाला लागणारा चित्रपट लाखो लोकांना लागला पाहिजे अशी अट मला कळत नाही.

मागण्या अशा :

१. या जोडीच्या ज्या ज्या चित्रपटाचे आणि लघुपटांचे जे हक्क तुमच्याकडे आहेत, ते मुदतीसह जाहीर करा. संपर्कासाठी चालू असलेला एक ईमेल पत्ता द्या.

२. शाळा, स्वमदत गट, ग्रंथालयं आणि चित्रपट मंडळं यांच्या विनातिकीट खेळांसाठी ठरावीक, परवडणारा दर लावा. पैसे भरले की चांगली, न कापलेली प्रत मिळावी.

३. यादीतून चित्रपट काढण्याआधी महिनाभर तसं कळवा, आणि तो पुढे कुठे मिळेल ते लिहा.

४. मराठी उपशीर्षकं द्या. नवीन करायची तर संहिता ऐकून लिहून द्यायला आमच्यातले चार जण फुकट बसतील. हे खरंच सांगते आहे.

५. मूळ साहित्याची एक प्रत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करा. हक्क तुमचेच राहतील.

६. हक्क वापरायचे नसतील तर ते सुनील सुकथनकर यांना किंवा मूळ निर्मात्यांना परत करण्याबाबत त्यांच्याशी बोला.

यातलं एकही काम मोठ्या खर्चाचं नाही. पहिली मागणी तर एका कारकुनाचं दुपारचं काम आहे.

कॉपीराइट कायद्यात, लोकांपासून अडवून ठेवलेल्या कलाकृतींसाठी सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे, कलम ३१. आमच्यासारख्या गटाने त्या वाटेने जायचं म्हणजे वकील, तारखा आणि आम्हाला नसलेली उसंत. मला तिकडे जायचं नाही. पण ती वाट आहे हे आम्हाला ठाऊक आहे, एवढं तुम्हालाही ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

या पत्राची प्रत माहितीसाठी राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला पाठवते आहे. मराठी चित्रपटांना अनुदान देताना 'हा चित्रपट पाच-दहा वर्षांनी लोकांना कुठे बघायला मिळेल' हा एक रकाना अर्जात घालता येईल का, एवढी विनंती त्यांना स्वतंत्र केली आहे.

उत्तर मला एकटीला पाठवू नका. जिथे तुम्ही नव्या चित्रपटांच्या जाहिराती टाकता तिथेच टाका, म्हणजे इतर गटांनाही उपयोग होईल. आमची पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे, नवीन तीन कुटुंबं येणार आहेत. तोवर कुणी निदान 'देवराई'चा दर तरी कळवला, तर पैसे त्याच दिवशी भरू.

कळावे.

आपली,
एक प्रेक्षक आणि शुभंकर